पावसाने झोडपले तर पंचनामा. नवऱ्याने मारले तर?

नवऱ्याने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. ती ज्या काळी रूढ झाली, त्या काळी या दोन्ही आपत्ती सारख्याच निरुपायाच्या होत्या. आज तसे राहिलेले नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात कापलेले धान बांध्यांत पडलेले असताना अवकाळी पाऊस आला, तर चार दिवसांनी का होईना, तलाठी बांधावर येतो, पंचनामा होतो, अर्ज भरले जातात. पैसे उशिरा येतात, कमी येतात. पण पावसाविरुद्ध दाद मागण्याची एक जागा आहे आणि ती कुठे आहे, हे गावातल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही ठाऊक असते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा नदीकाठची माणसे घरदार सोडून बाहेर पडली. पुरात शाळेची कुलुपे उघडतात, समाजमंदिरात चुली पेटतात. घर सोडण्यापूर्वी तू घरच्यांची संमती घेतली होतीस काय, असा प्रश्न पुरातून आलेल्या बाईला कुणी विचारीत नाही. पाणी ओसरल्यावर परत जाशील ना, असे वचनही कुणी तिच्याकडून आधी लिहून घेत नाही.

म्हणीचा पहिला अर्धा भाग मात्र जसाच्या तसा उरला आहे. नवऱ्याचा मार खाऊन रात्री घराबाहेर पडलेल्या बाईसाठी कोणते कुलूप उघडते? या प्रश्नाचे उत्तर मी शासनाकडून मागण्यापूर्वी आपल्या ख्रिस्तसभेकडून मागणार आहे. आणि ख्रिस्तसभेकडून मागण्यापूर्वी स्वतःची झडती देणार आहे. वाचकांनी रागवायचे असेल तर त्यानंतर रागवावे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गाव सांगत नाही. रोवणीचे दिवस होते, पाऊस लागून राहिला होता. रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या दारावर थाप पडली. एक बाई, कडेवर लहान मुलगी, हाताला धरलेला दहा-अकरा वर्षांचा मुलगा. ओठ फुटलेला. ती एवढेच म्हणाली, “फादर, आजची रात्र इथं राहू द्या.” मी तिला चर्चच्या ओसरीवर बसवले, चहा दिला आणि तिच्या नवऱ्याला बोलावणे पाठवले. नवरा आला. माझ्यासमोर रडला. मी त्याला चार खडे शब्द सुनावले, तिला विवाह संस्काराची आठवण करून दिली, दोघांच्या हाती एकच जपमाळ दिली आणि मध्यरात्रीपूर्वी त्या चौघांना पावसात घरी पाठवून दिले. त्या रात्री मी समाधानाने झोपलो, हे मला आज सर्वांत अधिक बोचते. पुढे ती आणखी एकदा आली. तेव्हाही मी तेच केले. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आलीच नाही. डावा हात गळ्यात बांधलेल्या स्थितीत ती मुलांना घेऊन रेल्वे स्टेशनवर दिसली होती, असे मला नंतर कळले. कोणत्या गाडीत बसली, कुणालाच ठाऊक नव्हते. गोंदिया हे मोठे जंक्शन आहे. तेथून हावड्याकडे, मुंबईकडे, बल्लारशाहकडे, जबलपूरकडे गाड्या जातात.

मी तिला परत का पाठवले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विवाहाचे पावित्र्य, मुलांचे भवितव्य, कुटुंबाची अब्रू ही सारी कारणे मी त्या वेळी मनाशी जुळवली होती. परंतु ती नंतर जुळवलेली होती. पहिले कारण अगदी साधे होते. माझ्याकडे खोली नव्हती. धर्मगुरूच्या निवासात स्त्रीला रात्री ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. धर्मभगिनींचा मठ त्या गावापासून दूर होता. लॉजवर ठेवावे तर पैसे कुणाच्या खात्यातून द्यायचे, हे ठरलेले नव्हते. खोली नव्हती म्हणून मी उपदेश केला. आपल्या धर्मग्रामांतून होणाऱ्या अशा समेटांपैकी किती समेट धर्मशास्त्रातून निघतात आणि किती रिकाम्या तिजोरीतून, हे माझ्या धर्मगुरुबंधूंनी एकदा स्वतःला विचारावे. समेटाला खर्च येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

पवित्र शास्त्रात या समेटाची एक कथा आहे. ती आपल्या रविवारच्या वाचनांत येत नाही, म्हणून पुष्कळांना ठाऊक नसते. ‘शास्ते’ या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडावा. एका लेवीची उपपत्नी त्याला सोडून बेथलेहेमला आपल्या बापाच्या घरी जाते. ती का गेली? हिब्रू पाठात तिच्यावर ठपका आहे; जुन्या ग्रीक भाषांतराच्या एका पाठात ती त्याच्यावर रागावली, एवढेच आहे. (सेमिनरीत आम्ही या पाठभेदावर टिपणे काढली होती, त्या बाईवर नाही.) चार महिन्यांनी नवरा तिची मनधरणी करण्यास येतो. सासऱ्याला आनंद होतो. जावई आणि सासरा तीन दिवस, मग चौथा, मग पाचवा दिवस खातात-पितात. या पाच दिवसांत तिच्याशी कुणी एक शब्द बोलल्याची नोंद नाही. तिला परत जायचे आहे काय, हे कुणी विचारीत नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळ होता होता तो तिला घेऊन निघतो. आणि गिबा नगरात, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी, तो तिला दाराबाहेरच्या गुंडांच्या हाती देतो. पहाटे ती त्या घराच्या दाराशी येऊन पडते. सकाळी दार उघडले जाते तेव्हा तिचे हात उंबरठ्यावर असतात.

त्या कथेतील माहेरच्या पाच दिवसांच्या पाहुणचारापेक्षा माझा चहा फार वेगळा नव्हता.

आता कुणी म्हणेल की, फादर भावनेच्या भरात लिहीत आहेत. ख्रिस्तसभेची शिकवण विवाहाच्या अभंगत्वाची आहे. होय, आहे, आणि मी तिच्या एका अक्षरालाही हात लावीत नाही. पण ती शिकवण पूर्ण वाचावी, एवढेच म्हणतो. १९८३ च्या कॅनन कायद्यातील ११५३ वे कलम सांगते की, एक जोडीदार दुसऱ्याला वा अपत्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक धोका उत्पन्न करीत असेल, तर दुसऱ्याला विभक्त होण्यास ते रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांचा निर्णय घ्यावा. आणि विलंबात धोका असेल, तर स्वतःच्या अधिकाराने निघून जावे. स्वतःच्या अधिकाराने! म्हणजे रात्री साडेदहा वाजता पावसात निघालेली ती बाई ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे वागत होती. कायद्याचे उल्लंघन मी करीत होतो. धोका संपल्यावर सहजीवन पुन्हा सुरू व्हावे, असेही तेच कलम म्हणते, हे मला मान्य आहे; पण धोका संपणे म्हणजे नवऱ्याचे माझ्यापुढे रडणे नव्हे. दारूलाही फार दोष देऊ नये. दारू सुटलेले, पण हात न सुटलेले पुरुष मी पाहिले आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनपत्रात लिहिले की, दुर्बल जोडीदाराला वा लहान मुलांना हिंसेपासून वाचवायचे असेल, तेव्हा विभक्त होणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. आवश्यक, नुसते क्षम्य नव्हे.

आपल्या व्यासपीठांवरून संत मोनिका आणि संत रिता यांच्या सहनशीलतेची उदाहरणे वर्षानुवर्षे दिली जातात. मीही दिली आहेत. त्या थोर स्त्रिया होत्या. पण संत फाबिओला हिचे नाव मी तरी एकाही प्रवचनात ऐकले नाही. चौथ्या शतकातील ही रोमन स्त्री. तिचा पहिला नवरा इतका दुराचारी होता की, तिने त्याला सोडले. संत जेरोम हे काही स्त्रियांची तरफदारी करण्यासाठी प्रसिद्ध नव्हते; पण तिच्या मृत्यूनंतर ३९९ साली लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या नवऱ्याला सोडण्याबद्दल तिला दोष दिला नाही. तिने पुढे दुसरा विवाह केला, तो मात्र त्यांना रुचला नाही. तिनेही त्याचे जाहीर प्रायश्चित्त घेतले. मग स्वतःची मालमत्ता विकून तिने रोममध्ये रुग्णालय उभारले. पश्चिमेकडील पहिले सार्वजनिक रुग्णालय ते हेच, असे मानले जाते. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या बाईच्या पैशातून आपल्या सेवाकार्याच्या परंपरेची एक मोठी शाखा फुटली आहे. तशाच बाईला आज रात्रीपुरती खाट देताना आपण संकोचतो.

आता शासनाकडे वळू. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. कायदा चांगला आहे. पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास आश्रयगृहाने तिला आश्रय द्यावयाचाच आहे, असे त्याचे सहावे कलम सांगते. दंडाधिकाऱ्यांपुढे पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल शक्यतो साठ दिवसांत, अशी त्याची अपेक्षा आहे. २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आली. पोलीस, वकील, वैद्यकीय मदत आणि तात्पुरता निवारा एका छताखाली मिळावा, हा तिचा हेतू. १८१ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक घरातील मुलीला पाठ असावा. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’ नावाखाली जुनी ‘स्वाधारगृहे’ आता ‘शक्ती सदन’ झाली आहेत. या सर्व यंत्रणेत प्रामाणिकपणे राबणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही.

पण हिशेब करून पाहू. वन स्टॉप सेंटरमधील तात्पुरता निवारा योजनेप्रमाणे जास्तीत जास्त पाच दिवसांचा. न्यायालयाचा निकाल, सारे वेळेवर झाले तरी, साठ दिवसांचा. मधल्या पंचावन्न दिवसांचे काय? शक्ती सदनात जावे, हे त्याचे कागदोपत्री उत्तर. ते तालुक्या-तालुक्यांत नसते. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्टीतील बाईला मुलांची शाळा, हाताशी असलेली मजुरी, धानाची सवंगणी हे सारे सोडून दूरच्या शहरात जावे लागते. शिवाय अशा निवाऱ्यांत आईबरोबर मुलगे ठरावीक वयापर्यंतच राहू शकतात. आईवर उगारलेला हात अडवायला मध्ये पडणारा मुलगा बहुधा त्या वयाच्या पुढचाच असतो. मग बाई काय करते? सहाव्या दिवशी घरी जाते. आणि आपण म्हणतो, पाहा, तिचेच तिला सोडवत नाही!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या निघाल्या १४ टक्क्यांच्या आसपास. वाचकहो, हे आकडे मिस्सेला येणाऱ्यांना वगळून काढलेले नाहीत.

खर्चाचा भार आपण का उचलायचा, असा प्रश्न धर्मग्रामाच्या सभेत हमखास येतो. त्यासाठी थोडे मागे जाऊ. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले, ते कुणाच्या पैशावर? १८८७ साली अमेरिकेतील बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याची हमी घेतली होती, त्या पैशावर. आपल्या विधवांना कधी पाहिलेही नाही अशा माणसांनी, समुद्रापलीकडून, दहा वर्षांची हमी दिली. एकदाची देणगी देऊन फोटो काढला नाही; दहा वर्षांची हमी दिली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात हिंडल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. त्या वेळी आमचा भंडारा-गोंदियाचा मुलूखही मध्य प्रांतातच होता. रमाबाई आपल्या कॅथोलिक धर्मसभेच्या नव्हत्या, हे खरे. पण त्यामुळे आपली मान अधिकच खाली जायला हवी. आणि त्याही आधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले, तेव्हा त्यांच्यामागे ना शासन होते ना धर्मसंस्था.

आपल्यामागे दोन्ही आहेत. प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असलीच पाहिजे, असे कॅनन कायद्याचे ५३७ वे कलम सांगते. ख्रिस्तसभेने मालमत्ता कशासाठी बाळगायची, हे १२५४ व्या कलमात दिले आहे: उपासना, धर्मसेवकांचा निर्वाह, आणि प्रेषितकार्य व दानधर्म, विशेषतः गरजूंसाठी. प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आठवावा. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी सात जण नेमले. आपल्या धर्मसभेतील ही पहिली प्रशासकीय नेमणूक स्त्रियांविषयीच्या तक्रारीवरून झाली! त्या विधवांना कुणी नोव्हेना करायला सांगितले नाही.

पैसे नाहीत, हे मला कुणी सांगू नये. सणाच्या मंडपाला पैसे असतात. ध्वनिक्षेपकाला असतात. ग्रोटोच्या फरशा एकदा बसवल्यावर रंग आवडला नाही म्हणून पुन्हा बदलायला असतात. मयताच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणावळीला कर्ज काढूनही असतात. मी मंडपाच्या विरुद्ध नाही. सणाला चार माणसे एकत्र येतात, ते मला आवडते. पण अंदाजपत्रकात मंडपाची ओळ आहे आणि या खोलीची नाही, तोवर आपली दया ही दारात आलेल्या माणसाच्या नशिबावर अवलंबून राहणार.

लागते तरी काय? आतून घट्ट लागणारी कडी असलेली एक खोली, मुलांसाठी दुसरी असल्यास उत्तम. खाट, पांघरुणे, दोन जोडी स्वच्छ कपडे, कारण बाई बहुधा अंगावरच्या लुगड्यानिशी येते. रात्री गावातून आणण्यासाठी भरवशाच्या रिक्षाचे भाडे. दवाखान्याचा आणि जखमांच्या नोंदीच्या कागदांचा खर्च. मोबाइलचे रिचार्ज. पोरांचे दूध, शाळेचे येणे-जाणे. कोर्टाच्या तारखेचे प्रवासभाडे. रात्री सोबत राहणाऱ्या बाईचे मानधन. ते फुकटात मागू नये, सेवाभावाच्या नावाखाली आपण गरीब बायकांकडून पुष्कळ फुकट राबवून घेतो. आणि पंचावन्न दिवसांचे जेवण. एका धर्मग्रामाला हे झेपणार नाही, तर पाच धर्मग्रामांनी मिळून करावे. एका सणाची दानपेटी दरवर्षी यासाठी राखून ठेवावी, आणि निदान पाच वर्षांची लेखी हमी द्यावी.

आक्षेप मी ऐकले आहेत. खोट्या तक्रारी घेऊन बायका येतील. येवोत, खोटे सांगून पावसात, पोरांसह, अनोळखी खोलीत झोपायला येणाऱ्या बाईला निदान जेवणाची तरी खरी गरज असेल. नवरा माणसे घेऊन येईल. हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणूनच ही खोली चर्चच्या आवारात नको, तिचा पत्ता बुलेटिनमध्ये नको, आणि पोलीस ठाण्याला व संरक्षण अधिकाऱ्याला आधीपासून कल्पना दिलेली हवी. संस्थेची नोंदणी कायद्याच्या दहाव्या कलमाखाली सेवा पुरवठादार म्हणून करून घ्यावी. सद्भावनेने केलेल्या कामासाठी त्याच कलमात संरक्षण आहे. तिसरा आक्षेप हळू आवाजात येतो: आपल्या चार ख्रिस्ती बायकांसाठी म्हणून उघडू आणि येतील दुसऱ्याच. आमच्या जिल्ह्यात आपण मूठभर आहोत, त्यामुळे येणाऱ्या बहुतेक जणी दुसऱ्याच असतील. यरीहोच्या वाटेवरील त्या शोमरोनी माणसाने जखमी माणसाचा धर्म विचारला नव्हता, आणि धर्मशाळेच्या मालकाला पैसे मोजून दिले होते. नुसती सहानुभूती मोजून दिली नव्हती. कमी पडले तर परतताना देईन, असेही तो म्हणाला होता.

भारतीय बिशपांच्या परिषदेने २००८ साली जमशेदपूरच्या अधिवेशनात स्त्रियांच्या सबलीकरणाचा विषय घेतला, आणि २०१० साली लिंगभाव धोरण प्रसिद्ध केले. ते धोरण आपल्यापैकी किती धर्मग्रामांच्या कपाटात आहे, हे मी विचारीत नाही. माझ्याही कपाटात ते धुळीतून काढावे लागले.

वसई-मुंबईकडच्या वाचकांना हे दूरच्या जंगलपट्टीचे प्रश्न वाटतील. तुमच्याकडे खोल्या अधिक आहेत, दानपेट्या मोठ्या आहेत, आणि मार खाणाऱ्या बायकांच्या बाह्या लांब आहेत, एवढाच फरक.

आमच्या आर्थिक समितीची बैठक धानकापणीपूर्वी आहे. विषयपत्रिकेवर पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त, दुसरा या खोलीचा आणि तिसरा घंटेच्या दुरुस्तीचा. चर्चेत क्रम बदलण्याचा प्रयत्न होईल, हे मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी विषयपत्रिका मी स्वतः टाइप केली असून घंटेच्या कारागिराला पुढल्या महिन्यातली तारीख दिली आहे.